नवरदेवाच्या बापाचं भाषण

इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्समध्ये बर्नार्ड ओल्डरॉइडचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. बर्फ पडलेला असताना डबल डेकर बस चढावरून मागे न घसरता नेणारा डेपोतला तो एकमेव ड्रायव्हर होता, ही एक. आणि लग्नातलं भाषण, ही दुसरी. पहिली गोष्ट निवृत्तीबरोबर संपली. दुसरी मात्र लोणच्यासारखी मुरत गेली. भाच्याच्या लग्नात त्यानं नवरदेवाची अशी सालटी काढली होती, की नवरीच्या काकांना हसता हसता ठसका लागला आणि त्यांना हाताला धरून बाहेर न्यावं लागलं. तेव्हापासून पबमध्ये ओळखीपाळखीचे लोक त्याला आपल्या मुलांच्या लग्नाच्या तारखा आधी कळवू लागले.

यॉर्कशायरमध्ये लग्नाचं भाषण म्हणजे नवरदेवाचं कौतुक नव्हे. कौतुक करायचं ते माणूस मेल्यावर, आणि तेही बेतानं. लग्नात त्याला सोलायचं असतं. जितकं सोलावं तितकी माया जास्त. ज्याची कुणी टिंगल करत नाही, त्याचं कुणाला काही पडलेलं नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. बर्नार्डच्या स्वतःच्या लग्नात त्याच्या बापानं उठून एवढंच म्हटलं होतं, “या मुलीचे डोळे कुणी तपासले होते का?” आणि खाली बसला होता. ते वाक्य बर्नार्डनं आजवर जपून ठेवलं होतं. त्या बापानं जन्मात त्याला दिलेलं बहुधा तेवढंच होतं, त्यामुळे जपण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

स्टुअर्टचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न कॅन्ससमधल्या मुलीशी ठरलं, तेव्हा बर्नार्डनं मनाशी पक्कं केलं, की आपलं हे भाषण आजवरच्या सगळ्या भाषणांच्या वरचढ झालं पाहिजे. त्यामागे नाव कमावण्याची हौस नव्हती. पोरगा तरुणपणीच अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. फोन येई, पण बापलेकांचं बोलणं पावसापाण्यापलीकडे जात नसे. “नोकरी टिकली का अजून?” बर्नार्ड विचारी. पलीकडून स्टुअर्ट हसे, आणि बर्नार्ड रिसीव्हर बायकोच्या, मॉरीनच्या हातात देई. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो दवाखान्यात पडला, तेव्हापासून मात्र त्याला एक गोष्ट फार छळू लागली होती. हा मुलगा आपल्याला जिवापलीकडे प्रिय आहे, हे त्याला आपण असेपर्यंत एकदा कळलं पाहिजे. ते तोंडानं म्हणणं अर्थातच शक्य नव्हतं. पण भाषण होतं.

सगळा उन्हाळा तो भाषण घडवत होता. बागेत घेवड्याला पाणी घालताना पुटपुटे, मधेच एकटा हसे.

“तिकडची माणसं वेगळी असतात रे,” मॉरीन चहा ओतता ओतता म्हणाली. “तिकडे म्हणे भाषणात लोक रडतात.”

“रडतील की. हसून हसून रडतील.”

“पहिल्या दोन गोष्टी सांग आणि बस खाली. लिंडसेचं काढू नकोस.”

“लिंडसे म्हणजे तर भाषणाचा कळस आहे,” बर्नार्ड म्हणाला. मॉरीननं किटली खाली ठेवली. तिच्या सांगण्यानं थांबला असता, तर तो बर्नार्ड कसला.

विमानतळावर नवरीचा बाप वेंडेल हॉफमायर स्वतः आला होता. उंच, लालबुंद, डोक्यावर धान्याच्या कंपनीची टोपी. “बर्नी!” असं ओरडत तो आला आणि त्यानं बर्नार्डला छातीशी आवळलं. अडुसष्ट वर्षांत बर्नार्डला कुणी बर्नी म्हटलं नव्हतं, आणि बसमध्ये मारामारी सोडवताना सोडलं तर कुणा पुरुषानं मिठीही मारली नव्हती. तो फळीसारखा ताठ उभा राहिला आणि “कसे आहात?” म्हणाला.

“मी कसा आहे? अरे, जगात माझ्यासारखा सुखी माणूस नाही! तुझं पोर म्हणजे सोनं आहे, बर्नी. सोनं!”

“त्याला बाहेरून मुलामा दिलेला असेल,” बर्नार्ड म्हणाला. वेंडेलला ते कळलं नाही. त्यानं बॅगा उचलल्या आणि गाडीत वाटभर मक्याचं पीक, देव आणि स्टुअर्ट या तिघांचे गोडवे गायले. मागच्या सीटवर बर्नार्ड बायकोच्या कानात कुजबुजला, “हा माणूस काहीतरी विकायला आलाय का?”

तिकडची एक रीत बर्नार्डला आवडली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये लग्नाची रंगीत तालीम होते, आणि त्यानंतरचं जेवण मुलाच्या बापानं द्यायचं. जेवण देणारा बोलणार, हे ओघानं आलंच. अडचण एवढीच होती, की जेवण चर्चच्याच तळघरातल्या हॉलमध्ये होतं आणि चर्च मेथडिस्ट पंथाचं होतं. मेथडिस्ट हॅलिफॅक्समध्येही असत, पण ते आजोबांच्या पिढीबरोबर मातीत गेले. इथले अजून जिवंत होते आणि दारूला शिवत नव्हते.

“बिअर नाही?” बर्नार्डनं विचारलं.

“थंडगार चहा आहे,” नवरीची आई डार्ला कौतुकानं म्हणाली. “हवा तेवढा घे, राजा.”

चहात बर्फ घालणाऱ्या माणसांपुढे भाषण करायचं म्हणजे जरा कठीणच, असं बर्नार्डला वाटलं. पण असल्या गोष्टींनी कच खाणारा तो नव्हता.

धुरावर शिजवलेलं गोमांस, गोड घेवडा, मक्याचा पाव असं जेवण झालं. आधी वेंडेल उठला. तो स्टुअर्टच्या मागे जाऊन उभा राहिला, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तोंड उघडण्याआधीच त्याचे डोळे भरून आले.

“देवानं मला तीन मुली दिल्या,” तो म्हणाला. “मुलगा दिला नाही. मला वाटायचं, विसरला. पण तो विसरला नव्हता. माझा मुलगा त्यानं इंग्लंडमध्ये बर्नी आणि मॉरीनकडे सांभाळायला ठेवला होता. स्टुअर्ट, माझं तुझ्यावर प्रेम आहे, बाळा. तू या घरात आलास हे माझं भाग्य.”

सगळ्यांनी डोळे पुसले. बर्नार्डनं मिठाच्या बाटलीकडे नजर लावली. बुटात त्याच्या पायाची बोटं आखडली होती. बिचारा, त्याच्या मनात आलं, याला कुणी आवरत कसं नाही? भर सभेत माणसानं कपडे उतरवले असते तरी बर्नार्डला इतकी लाज वाटली नसती. चला, आता आपण हवा जरा मोकळी करू, असं म्हणून तो उठला.

“नमस्कार मंडळी. मी स्टुअर्टचा बाप. निदान त्याची आई तसं म्हणते.”

हॅलिफॅक्समध्ये या वाक्याला पहिला हशा येतो. इथे डार्लानं दचकून मॉरीनकडे पाहिलं.

“वेंडेल, तुम्ही म्हणालात तुमचा मुलगा आमच्याकडे सांभाळायला होता. मग इतकी वर्षं कुठे होतात? आधी कळवलं असतंत तर आमचं खायला घालणं तरी वाचलं असतं.”

कुणीतरी खोकलं. बर्नार्डला वाटलं, गाडी थंड आहे, तापायला वेळ लागेल.

“हा सात वर्षांचा होता. शाळेत नाताळचं नाटक. याला मेंढीचं काम. बोलायचं नाही, चालायचं नाही, गवतावर गप्प बसायचं. मंडळी, तेही जमलं नाही. भर स्टेजवर मुतला. आणि स्टेजला होता उतार. ओघळ निघाला तो थेट बाळ येशूच्या पाळण्यापर्यंत. तीन राजे पाय वर करून उभे!”

पाद्रीबुवांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“मी बस ड्रायव्हर. माझ्या पोराला गाडी यायलाच हवी ना? पाच वेळा नापास. पाचव्या वेळी परीक्षक माझ्या घरी आला. म्हणाला, ओल्डरॉइड, याला असा छंद लाव ज्याला चाकं नसतात. मग टॉफीच्या कारखान्यात चिकटवला. तिथे सरकत्या पट्ट्यासमोर बसून हा खिडकीतले पक्षी बघत राहिला, आणि टॉफीचा ढीग छतापर्यंत गेला. फोरमन मला म्हणाला, तुझा मुलगा संपावर गेलाय की तो असाच आहे?”

हॉल गप्प होता. कुणाचा काटाही बशीवर वाजत नव्हता. हॅलिफॅक्समध्ये हॉल गप्प झाला तर त्याचा अर्थ एकच, तुम्ही हात राखून मारताय. बर्नार्डनं मग हात राखला नाही. मॉरीननं टेबलाखालून त्याच्या पँटला हिसका दिला, तो त्याला कळलाही नाही.

“आणि मग आली लिंडसे. साखरपुडा झाला, केकची ऑर्डर दिली, आणि लिंडसे याच्याच जिवलग मित्राबरोबर निघून गेली. आम्हाला फार वाईट वाटलं हो. मित्र फार चांगला मुलगा होता. आमच्याकडे यायचाच बंद झाला!”

नवरी मेरेडिथ लाल झाली. तिनं टेबलावरचा स्टुअर्टचा हात आपल्या हातात घेतला. वेंडेल अजून त्याच्या मागेच उभा होता, आणि त्यानं खांद्यांवरचे हात काढले नव्हते. उलट कुणी मुलाला मारायला यावं तसा तो जरा पुढे वाकला होता. फक्त स्टुअर्ट हसत होता. त्या हसण्यावर बर्नार्डनं शेवट गाठला.

“तर मेरेडिथ, घेऊन जा याला. फक्त एक ध्यानात ठेव, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. स्टुअर्ट!”

त्यानं चहाचा ग्लास उंच केला. दोनतीन ग्लास अर्धवट वर गेले आणि खाली आले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. मेरेडिथची आजी ओपल उठत होती. नव्वदीला आलेली बाई, चालायला लोखंडी आधार घ्यायची. ती उभी राहीपर्यंत सगळे थांबले, आणि बर्नार्डही ग्लास हातात धरून उभाच राहिला.

“मिस्टर ओल्डरॉइड,” ती म्हणाली. आल्यापासून त्याला बर्नी न म्हणणारी ती पहिली. “तुम्ही आमचे पाहुणे आहात. पण या पोराबद्दल माझ्या चर्चमध्ये असं कुणी बोलायचं नाही. त्याच्या बापानंसुद्धा नाही.”

“आजी, असू दे,” स्टुअर्ट पुटपुटला.

“तू गप्प बस रे. गेल्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं, त्या दिवशी शाळेची बस हा चालवत होता. हो, शाळेत शिकवतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ बसही चालवतो, कारण आमच्या गावात ड्रायव्हर मिळत नाही. समोरचा हात दिसत नव्हता त्या दिवशी. मोठमोठे ट्रक खड्ड्यात पडले होते. यानं एकेक लेकरू ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सोडलं, आईच्या हातात दिलं. माझी पतवंडं होती त्या बसमध्ये. मी विचारलं, पोरा, बर्फात अशी गाडी चालवायला तू शिकलास कुठे? तर म्हणाला, माझ्या डॅडकडून. लहानपणी त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून त्यांचे हात बघत राहायचो. म्हणाला, सगळ्या यॉर्कशायरमध्ये त्यांच्यासारखा ड्रायव्हर झाला नाही.” म्हातारीचा आवाज कापत होता, पण रागानं. “तो आमच्याजवळ तुमच्याबद्दल असं बोलतो, मिस्टर ओल्डरॉइड. आम्ही तुमची वाट बघत होतो.”

ती बसली. मग माणसं उठायला लागली. एकामागून एक सगळी स्टुअर्टकडे गेली आणि त्याला मिठीत घेऊ लागली, घरात कुणी गेलं की घेतात तशी. बर्नार्ड ग्लास धरून तिथेच उभा होता. धरणी दुभंगली असती तर त्यानं तिचे आभार मानले असते. पण लोक हसले नाहीत याची ती लाज नव्हती. तिच्याखाली दुसरीच एक होती. आपण उन्हाळाभर मुलाच्या गोष्टी गोळा केल्या, आणि त्यातली शेवटची गोष्ट पोरगा घर सोडून गेला तिथेच संपते. त्यानंतरचा स्टुअर्ट आपल्याला ठाऊकच नाही. आणि त्याआधीच्या स्टुअर्टचीही आपण फक्त पडझड तेवढी सांभाळून ठेवली. परक्या म्हातारीला आपला मुलगा माहीत होता, आपल्याला नव्हता.

मोटेलकडे परतताना भाड्यानं घेतलेली गाडी मॉरीनच चालवत होती.

“तुला बसचं माहीत होतं?” बर्नार्डनं विचारलं.

“होतं.”

“वादळाचं?”

“तेही.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“त्यानंच सांगू नको म्हटलं होतं. डॅडला कळलं तर ते भाषणात येईल, म्हणाला.” मॉरीननं समोरून नजर हलवली नाही. “माझ्याही मनात आलं, खरंच येईल.”

बर्नार्डनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाहेर नुसता मका होता, कितीही गेलं तरी संपत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची खरी शिक्षा सुरू झाली. कुणीच त्याला टाकून बोललं नाही. टाकून बोलले असते तर परवडलं असतं, टोमण्याला टोमणा देता आला असता. डार्ला सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय घेऊन मोटेलवर आली आणि म्हणाली, “राजा, रात्री झोप लागली का?” न्याहारीच्या टेबलावर कुणा अनोळखी शेतकऱ्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “माझाही बाप कडक होता, बर्नी. दगडालाही पाझर फुटतो. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय.” पाद्रीबुवा म्हणाले, त्यांचं दार कायम उघडं आहे. गावानं रातोरात त्याला माफ करून टाकलं होतं, त्यानं मागायच्या आतच. बर्नार्डला आपण उघडे पडलोय आणि चारचौघं येऊन आपल्यावर पांघरूण घालतायत, असं वाटत राहिलं.

स्टुअर्ट त्यांना चर्चला न्यायला आला. काळा कोट, कोटाला पांढरं फूल. मॉरीन टोपी घालायला आत गेली, आणि बापलेक मोटेलच्या अंगणात गाडीपाशी उभे राहिले.

“छान दिसतोस,” बर्नार्ड म्हणाला. पुढे “भाड्याचा कोट आहे ना?” हे ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं. गिळताना त्याला कष्ट पडले, इतकं ते आपणहून आलं होतं.

“डॅड, तू कालचं मनाला लावून घेऊ नकोस. मी सगळ्यांना समजावलंय. आमच्याकडे असंच बोलतात, प्रेमानं बोलतात, म्हटलं.”

“मग? पटलं त्यांना?”

“हो, हो. पटलं की.”

“आणि त्या आजीला?”

“ती ‘बरं’ म्हणाली.” स्टुअर्ट हसला. “ओपल आजीचं ‘बरं’ म्हणजे... जाऊ दे.”

“स्टुअर्ट, मला काल खरं म्हणजे असं म्हणायचं होतं, की...”

“माहीत आहे, डॅड.”

“नाही, ऐक तर. ते बसचं...”

“डॅड, माहीत आहे मला. खरंच. आज माझं लग्न आहे, आज नको ना.” त्यानं हे इतक्या हळुवारपणे म्हटलं, की आजाऱ्याशीच कुणी तसं बोलतं. मग गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत तो म्हणाला, “आई कुठे राहिली बघ.” अशा वेळी माणसाला काहीतरी काम देऊन पिटाळायचं, हे तो बापाकडूनच शिकला होता.

चर्चमध्ये लग्न लागलं. बर्नार्डला त्यातलं फारसं काही आठवत नाही. तो पहिल्या बाकावर बसून एकच हिशेब मांडत होता. अपमान चारचौघांत केला, तर भरपाईही चारचौघांतच व्हायला हवी. अंगणात, गाडीपाशी, कानात सांगितलेलं चालणार नाही. इथे वेंडेलसारखा माणूस उठून रडू शकतो, तर आपल्याला दोन वाक्यं सरळ बोलता येऊ नयेत? त्यानं ती मनात जुळवली. माझा मुलगा चांगला माणूस आहे. मी त्याला हे कधीच म्हटलं नाही, ती माझी चूक. एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही, एकही विनोद नाही. ओळखीचं एकेक वाक्य घेऊन तो त्यातली नांगी काढून टाकत होता, आणि प्रत्येक वेळी वाक्य उघडंबोडकं राहत होतं. आयुष्यात एवढा घाबरून तो कुठल्याच भाषणाला उभा राहिला नव्हता.

जेवण शाळेच्या व्यायामशाळेत होतं. छताला कागदी घंटा, बास्केटबॉलच्या जाळीला पांढऱ्या फिती, लांबच लांब टेबलं आणि अर्धं गाव. समोर जरा उंचावर नवरा-नवरी बसले होते. बर्नार्डला डार्लाशेजारी जागा होती. त्यानं ताटातलं नुसतं चिवडलं. वाढपं संपत आलं, बोलण्याचा गलका जरा ओसरला, आणि त्याला वाटलं, हीच वेळ. आता नाही तर कधीच नाही. त्यानं लिंबू सरबताचा ग्लास डाव्या हातात धरला, उजव्या हातात चमचा घेतला आणि ग्लासावर वाजवला. आपल्याकडे, म्हणजे तिकडे इंग्लंडात, ग्लासावर चमचा वाजला की त्याचा अर्थ एकच असतो. कुणीतरी बोलणार आहे, गप्प बसा.

तो खुर्चीवरून अर्धा उठला. क्षणभर शांतता झाली. मग शेजारच्या टेबलावर कुणीतरी चमचा वाजवला. मग त्यापलीकडच्या. बघता बघता साऱ्या हॉलमध्ये एकच खणखणाट सुरू झाला. ग्लास, बाटल्या, बश्या, ज्याच्या हाती जे येईल ते तो बडवू लागला. वेंडेल दोन्ही हातांत चमचे घेऊन नाचत होता म्हणा ना. सगळे हसत होते, आणि सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. बर्नार्ड अर्धवट उभा, तोंड उघडं. काय चाललंय ते त्याला कळेना.

“वा, बर्नी!” डार्ला त्याच्या दंडावर थापट मारून ओरडली. “सुरुवात तू केलीस! आमच्याकडे ग्लास वाजले की नवरा-नवरीनं मुका घ्यायचा. तुला कुणी शिकवलं हे?”

सगळं टेबल त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागलं. म्हातारा माणसात आला, असं त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलं होतं. बर्नार्डनं मान वळवून समोर पाहिलं.

मेरेडिथ हसत नवऱ्याकडे वळली होती, ओठ पुढे केले होते. पण स्टुअर्ट तिच्याकडे बघत नव्हता. तो हॉलच्या या टोकाला, चमचा हातात घेऊन उभ्या राहिलेल्या बापाकडे बघत होता. त्या सगळ्या गर्दीत, आईखेरीज, त्या पहिल्या आवाजाचा अर्थ, बाप भाषणाला उठतोय हा, एकट्या त्यालाच कळला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. एका हातानं त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती. बर्नार्डनं आयुष्यभर बसच्या आरशात माणसं अशी धरून बसलेली पाहिली होती. आता जोराचा धक्का बसणार, हे कळलेली माणसं अशी धरतात.

चमच्यांचा आवाज टिपेला गेला होता. बर्नार्डच्या तोंडात ती दोन वाक्यं तयार होती. त्यातल्या प्रत्येक शब्दाची नांगी काढलेली होती. पण ते त्याला ठाऊक होतं, समोरच्याला कुठे ठाऊक होतं? आणि का असावं?

त्यानं नाही, नाही, अशी मान हलवली. चमचा टेबलावर ठेवला, ग्लास ठेवला, रिकामे हात वर करून दाखवले आणि खाली बसला. स्टुअर्ट तो पुरता बसेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होता. मग त्याचे खांदे हळूच खाली आले, बोटं टेबलाच्या कडेवरून सुटली, आणि त्यानं वळून आपल्या बायकोचा मुका घेतला. हॉल गर्जला. बर्नार्डनंही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत वाजवल्या. लग्नाच्या दिवशी पोराला बापाकडून एकच गोष्ट हवी होती. बापानं तोंड उघडू नये.